तारीख कोणाची, वस्तूची की कर्माची?

विंडोज संगणकावर फाइलीच्या नावात चालू दिवसाची तारीख आपोआप घालणारी बॅच स्क्रिप्ट दोन-चार ओळींत लिहून होते. साध्या मजकुराच्या फाइलीत आज्ञा एकाखाली एक लिहायच्या, तिचे नाव ‘.बॅट’ने संपवायचे आणि ती चालवायची. एक ओळ संगणकाच्या घड्याळाकडून तारीख घेते, दुसरी ती हव्या त्या साच्यात बसवते, तिसरी मूळ नावाला ती जोडते. ‘हिशोब’ या फाइलीची ‘हिशोब_२०२४-०३-०५’ होते. रोज रात्री काढल्या जाणाऱ्या नोंदींच्या आणि डेटाबेसच्या प्रती सर्रास अशा नावांनी ठेवतात. नावात तारीख नसेल तर आजची प्रत कालच्या प्रतीवर लिहिली जाते आणि कालची नाहीशी होते.

एवढ्याशा कामापाशी काळाविषयीचा एक जुना प्रश्न उभा राहतो. नावात घातलेली तारीख नेमकी कशाची असते? घटाला रंग असतो तसा फाइलीला स्वतःचा काळ असतो का, की तारीख दुसऱ्याच कशाची असते आणि फाइलीला ती नुसती चिकटवलेली असते? भारतीय दर्शनांनी काळाचा आणि धर्मशास्त्राने तिथीचा विचार फार बारकाईने केला आहे. त्या विचाराच्या आधाराने पाहिले तर एक उत्तर पुरेसे स्पष्ट दिसते: तारीख वस्तूची नसते, कर्माची असते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला पडणाऱ्या बहुतेक अडचणी हा भेद लक्षात न घेतल्याने पडतात.

प्रथम ‘आज’ या कल्पनेकडे पाहावे लागते. ‘आजचा हिशोब’ हे नाव मध्यरात्र उलटली की खोटे होते. ‘५ मार्च २०२४चा हिशोब’ हे नाव कधीच खोटे होत नाही. जे. एम. ई. मॅकटॅगर्ट या केंब्रिजच्या तत्त्वज्ञाने १९०८ साली काळाच्या अवास्तवतेवर लिहिलेल्या निबंधात हाच भेद मांडला. घटना दोन तऱ्हांनी ओळीत लावता येतात. एका ओळीत त्या भविष्य, वर्तमान आणि भूत अशा सरकत जातात. दुसरीत त्या फक्त एकमेकींच्या आधी किंवा नंतर असतात आणि ते नाते बदलत नाही. काळ खरा नाहीच, हा मॅकटॅगर्टचा निष्कर्ष फारसा कोणी स्वीकारला नाही. दोन ओळींचा भेद मात्र टिकला. बॅच स्क्रिप्ट पहिल्या ओळीतला ‘आज’ उचलून दुसऱ्या ओळीत त्याच्या जागी ठेवते. हे काम कॅलेंडरला जमत नाही. कॅलेंडरात सगळ्या तारखा असतात, पण त्यांतली आज कोणती हे त्यात लिहिलेले नसते. जॉन पेरी या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये यासाठी एका प्राध्यापकाचे उदाहरण घेतले. बैठक दुपारी बाराला आहे हे त्याला सकाळपासून ठाऊक असते, तरी ‘आत्ता बारा वाजले’ हे उमजेपर्यंत तो खुर्चीवरून उठत नाही. कृतीला ‘आत्ता’चे ज्ञान लागते, आणि नुसत्या तारखांच्या यादीतून ते मिळत नाही.

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आज’ची जागा दोन टक्केचिन्हांमध्ये लिहिलेल्या ‘डेट’ या शब्दाने दाखवतात. या शब्दामागे कुठेही साठवलेली किंमत नसते. विचारले जाते त्या क्षणी घड्याळ पाहून ती दिली जाते. कोणी ‘डेट’ याच नावाचे व्हेरिएबल स्वतः बनवून त्यात एखादी तारीख भरली, तर मात्र पुढे प्रत्येक वेळी तीच गोठलेली तारीख मिळते. आणखी एक बारकावा आहे. कंसात लिहिलेल्या आज्ञांचा गट कमांड प्रॉम्प्ट एकदम वाचतो आणि वाचतानाच टक्केचिन्हांच्या जागी किंमत घालतो. त्यामुळे शेकडो फाइलींवर फिरणारी आज्ञा रात्री ११.५८ला सुरू झाली आणि १२.१०ला संपली, तरी कंसातल्या सगळ्या फाइलींना सुरुवातीचीच तारीख लागते. दरवेळी ताजी किंमत हवी असेल तर हा विस्तार, म्हणजे किंमत घालणे, लांबणीवर टाकण्याची सोय मुद्दाम चालू करून उद्गारचिन्हे वापरावी लागतात. बहुतेक जण या वागण्याला दोष समजतात. पण एका संकल्पाने सुरू झालेल्या एका कामाला आरंभाची एकच तारीख असावी, हे म्हणणेही तितकेच सयुक्तिक आहे.

संकल्पाचा उल्लेख इथे उपमेपुरता नाही. कोणत्याही पूजेच्या किंवा व्रताच्या आरंभी यजमान हातात पाणी घेऊन देशकालाचा उच्चार करतो. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण इथून सुरुवात होते. मग जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा काठ. मग शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. त्यानंतर करणाऱ्याचे गोत्र आणि नाव, आणि शेवटी काय करायचे ते कर्म. पूजेच्या पोथ्यांत संवत्सर, मास आणि तिथी यांच्या जागी ‘अमुक’ असे छापलेले असते. पोथी एकदा छापून वर्षानुवर्षे वापरली जाते. सांगणारे गुरुजी त्या त्या दिवशी पंचांग पाहून ‘अमुक’च्या जागी चालू नावे घालतात. बॅच फाइलीतल्या टक्केचिन्हांमधल्या शब्दाचे काम अगदी हेच असते.

संकल्पात काळ मोठ्या मापाकडून लहान मापाकडे येतो: आधी कल्प, शेवटी तिथी. आयएसओ ८६०१ हे तारखा लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही क्रम वर्ष, महिना, दिवस असाच आहे. फाइलींच्या नावांत त्याचा लाभ लगेच दिसतो. संगणक नावे डावीकडून एकेक अक्षर ताडून लावतो. नाव ‘०१-१२-२०२४’ असेल तर ते ‘३१-०१-२०२४’च्या वर जाऊन बसते आणि डिसेंबर जानेवारीच्या आधी दिसतो. वर्ष आधी लिहिले, महिना आणि दिवस दोन-दोन अंकांत लिहिले, की नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. या दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही. व्यापक चौकट आधी सांगितल्याशिवाय आतली जागा नेमकी सांगता येत नाही, या एकाच गरजेतून दोन्हींचा क्रम आला आहे.

चौकट न सांगितल्यास काय होते याचे उदाहरण संगणकातही आहे आणि पंचांगातही. ‘डेट’ची किंमत वापरणाऱ्याच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे येते. भारतीय मांडणीत ‘०५-०३-२०२४’ मिळते. अमेरिकन मांडणीत आधी इंग्रजी वाराचे संक्षिप्त नाव आणि मग ‘०३/०५/२०२४’ मिळते. त्यातली तिरकी रेघ विंडोज फाइलीच्या नावात चालू देत नाही. ठरावीक जागेवरचे अंक कापून तारीख बनवणारी स्क्रिप्ट एका संगणकावर बरोबर चालते आणि दुसऱ्यावर मार्चच्या पाच तारखेची मेची तीन तारीख करते. पंचांगाकडे पाहिले तर, महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो आणि उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे महाशिवरात्रीची तीच एक रात्र महाराष्ट्रात माघ वद्य चतुर्दशी असते आणि काशीत फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. रात्र एक, नावे दोन, आणि दोन्ही खरी. संगणकावरही एका तारखेची अशी अनेक रूपे होतात, म्हणून जाणकार लोक ‘डेट’वर विसंबत नाहीत. पूर्वी ते ‘डब्ल्यूएमआयसी’ या आज्ञेकडून प्रांतनिरपेक्ष रूपातली तारीख घेत. मायक्रोसॉफ्टने ती आज्ञा आता मोडीत काढली आहे. सध्याचा रास्त मार्ग म्हणजे बॅच फाइलीतूनच पॉवरशेलच्या ‘गेट-डेट’ला विचारणे आणि उत्तर कोणत्या साच्यात हवे ते सांगणे.

साचा ठरला तरी खरा प्रश्न उरतो: कोणती तारीख? आदल्या दिवसाच्या व्यवहारांची प्रत रात्री एक वाजता निघत असेल तर तिच्या नावात नव्या दिवसाची तारीख येते, आणि महिनाअखेरच्या हिशोबाला पुढच्या महिन्याचे नाव लागते. धर्मशास्त्राला हा पेच शतकानुशतके परिचित आहे, कारण तिथी सूर्योदयाला सुरू होत नाही. चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की तिथी बदलते; ती दुपारीही बदलते आणि मध्यरात्रीही. एखादी तिथी दोन सूर्योदयांना असते, एखादी एकाही सूर्योदयाला सापडत नाही. मग व्रत कोणत्या दिवशी करायचे? कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये लिहिलेला ‘निर्णयसिंधु’ आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ या ग्रंथांचा मोठा भाग याच निर्णयांनी भरला आहे. त्यांच्या विचाराचा एक मुख्य कणा असा की कर्माचा जो काळ, त्या काळाला व्यापणारी तिथी घ्यावी. रामजन्म माध्यान्हीचा, म्हणून रामनवमीला माध्यान्ह व्यापणारी नवमी पाहायची. शिवरात्रीची पूजा मध्यरात्रीची, म्हणून त्या वेळी असणारी चतुर्दशी पाहायची. सूर्योदयाला कोणती तिथी आहे हे तिथे निर्णायक नसते.

हा विचार मोलाचा आहे. तो काळाकडून कर्माकडे जात नाही. कर्माकडून काळाकडे येतो. आधी विचारतो, काय करायचे आहे. मग त्या करण्याची वेळ कोणती. आणि त्यानंतरच तिथी ठरवतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेही हाच क्रम पाळायला हवा. नावात ज्याची तारीख हवी ते कर्म कोणते आहे: मजकूर लिहिणे, व्यवहार बंद करणे, प्रत काढणे, की कोणाला पाठवणे? व्यवहाराचा दिवस हवा असेल तर रात्री एकला चालणाऱ्या स्क्रिप्टने चालू तारखेतून एक दिवस वजा केला पाहिजे. प्रत काढण्याचा क्षण हवा असेल तर वजाबाकी चूक ठरेल. दोन्ही नावे घड्याळाशी प्रामाणिकच असतील. कर्माशी प्रामाणिक मात्र त्यांतले एकच.

वैशेषिक दर्शनात काळ हे नऊ द्रव्यांपैकी एक द्रव्य आहे. तो एक आहे, नित्य आहे आणि सर्वत्र व्यापून आहे. मग त्याचे तुकडे कुठून येतात? या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांचे उत्तर असे की काळ एकच असला तरी कार्यांचा आरंभ, त्यांची सिद्धी, स्थिती आणि निरोध या उपाधींमुळे तो अनेक असल्यासारखा बोलला जातो. विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था या विवेचनाचे जणू प्रात्यक्षिक आहे. तिच्यात काळ ही एकच सलग मोजणी असते: १ जानेवारी १६०१च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत. या एका मोजणीतून प्रत्येक फाइलीवर वेगवेगळे शिक्के बसतात: निर्मितीचा, मजकूर बदलल्याचा, नोंद बदलल्याचा, शेवटी उघडल्याचा. शिक्के अनेक, कारण कर्मे अनेक.

हे ध्यानात न घेता शिक्के वाचले तर विचित्र गोष्टी दिसतात. फाइलीची प्रत काढली की प्रतीला निर्मितीची वेळ नवी मिळते, पण मजकूर बदलल्याची वेळ मूळ फाइलीची राहते. परिणामी प्रत जन्मण्याच्या आधीच बदललेली दिसते. तारीख वस्तूचा गुण मानली तर हे अशक्य आहे; कर्माची मानली तर त्यात विसंगती नाही, कारण मजकूर लिहिण्याचे कर्म आधी झाले आणि प्रत काढण्याचे नंतर. दुसरी गोष्ट याहून लक्षणीय आहे. एखादी फाइल पुसली किंवा तिचे नाव बदलले, आणि त्याच फोल्डरमध्ये तेच जुने नाव घेऊन पंधरा सेकंदांच्या आत नवी फाइल तयार झाली, तर विंडोज तिला गेलेल्या फाइलीची जन्मवेळ देते. याला कारण आहे. अनेक प्रोग्रॅम ‘सेव्ह’ करताना मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहितात, जुनी फाइल बाजूला सारतात आणि तात्पुरत्या फाइलीला जुने नाव देतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती ‘तीच’ फाइल असते, म्हणून व्यवस्था तिचा जन्मही तोच मानते. इथे वस्तू बदलली आहे, नाव टिकले आहे, आणि ओळख नावाबरोबर गेली आहे.

मग रोज तारीख घालून ठेवलेल्या तीस प्रती म्हणजे एक हिशोब की तीस? बौद्ध आणि नैयायिक यांच्यात कित्येक शतके चाललेला वाद याच प्रश्नाचा आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतात, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही आणि पूर्णपणे वेगळीही नाही. एक प्रवाह आहे. सातव्या शतकात धर्मकीर्तींनी या मताला तर्काचा कणा दिला. जे काही कार्य करते तेच सत्, आणि कार्य करणारे क्षणिकच असले पाहिजे. स्थिर वस्तूला आता एक कार्य आणि नंतर दुसरे कार्य करायला कारण उरत नाही. या दृष्टीने ‘हिशोब’ हे एका प्रवाहाला दिलेले सोयीचे नाव, आणि खऱ्या त्या तारखांच्या प्रती. नैयायिक याला उत्तर देतात ते प्रत्यभिज्ञेचे. ‘हा तोच देवदत्त’ असे ज्ञान सर्वांना होते आणि ते बाधित होत नाही. मग ते भ्रम का मानावे? उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त क्षणभंगवादाचे केलेले खंडन या वादाचा कळस मानले जाते. बौद्धांचे प्रत्युत्तर असे की कापून पुन्हा वाढलेल्या केसांनाही माणूस ‘तेच’ म्हणतो. सारखेपणाला तो एकपणा समजतो.

संगणकातल्या प्रतींना बौद्धांचे म्हणणे अधिक लागू पडते, हे मान्य करावे लागते. कालच्या प्रतीतला एकही बिट आजच्या प्रतीत ‘टिकून’ राहिलेला नसतो. तो पुन्हा लिहिला गेलेला असतो. तरीही माणूस प्रवाहाला एका नावाने हाक मारतो, आणि त्याशिवाय व्यवहार चालत नाही. अद्वैत वेदान्ताने देवदत्ताच्या वाक्याची केलेली फोड इथे उपयोगी पडते. ‘तो’ म्हणजे त्या काळाने आणि त्या देशाने विशिष्ट असलेला, ‘हा’ म्हणजे या काळाने आणि या देशाने विशिष्ट असलेला. दोन्ही विशेषणे कायम ठेवली तर दोघे एक होऊ शकत नाहीत. विरोधी अंश सोडून दिला की एक देवदत्त उरतो. तारीख घातलेल्या नावाची रचना ही फोड डोळ्यांपुढे ठेवते. ‘हिशोब’ हा राहणारा अंश, ‘२०२४-०३-०५’ हा सोडता येणारा अंश. एकाच्या मागोमाग दुसरा लिहिल्याने एकपणाही सांगता येतो आणि वेगळेपणाही. त्यामुळे या दोन अंशांमध्ये एक ठरलेले चिन्ह असणे, म्हणजे अधोरेषा किंवा आडवी रेघ, ही केवळ देखणेपणाची बाब नाही. सोडायचा अंश कुठून सुरू होतो ते त्यावरून कळते.

नावावर ओळख सोपवण्याचा धोकाही स्क्रिप्टमध्ये दिसतो. ‘फॉर’ या आज्ञेने फोल्डरमधल्या फाइली एकेक घेऊन ‘रेन’ने नाव बदलत गेले, तर नुकतेच नाव बदललेली फाइल यादीत पुन्हा नव्याने दिसू शकते आणि तिला तारीख दोनदा लागते. नावाने ओळखणाऱ्या यंत्राच्या लेखी ती दुसरीच फाइल असते. उपाय सोपा आहे: काम सुरू करण्याआधी ‘डिर’ने संपूर्ण यादी पक्की करायची आणि मग त्या यादीवर चालायचे.

तारीख कर्माची असेल तर ती सांगणारा कोणीतरी असतो, आणि मग ती शब्दप्रमाणाच्या कक्षेत येते. न्यायदर्शनात आप्ताचे वाक्य प्रमाण असते. आप्त म्हणजे ज्याने वस्तुस्थिती जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. फाइलीच्या नावातली तारीख म्हणजे तिला नाव देणाऱ्याचे असेच एक वाक्य. फाइलीच्या पोटात ती कुठेही नसते आणि मजकुरावरून ती ताडून पाहता येत नाही. तिचे प्रामाण्य संगणकाच्या घड्याळावर आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हेतूवर उभे असते. घड्याळ चुकले तर नाव चुकते. म्हणून इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणे हा नाव देण्याच्या कामाचाच भाग ठरतो. तारीख आणि वेळ दोन्ही हव्या असतील तर त्या एकाच प्रश्नात एकदम घ्याव्या लागतात. आधी तारीख आणि मग वेळ असे दोनदा विचारले आणि मधे मध्यरात्र झाली, तर जुनी तारीख आणि नव्या दिवसाची वेळ यांचे एक जोडनाव तयार होते; तसा क्षण कधी झालेलाच नसतो.

संकल्पात काळाच्या जोडीला देश असतो, तो फाइलीच्या नावात सहसा नसतो. पुण्यात ५ मार्चच्या सकाळी सात वाजता न्यू जर्सीत ४ मार्चच्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिथली मराठी कुटुंबे गणेश चतुर्थीसाठी स्थानिक पंचांग पाहतात, कारण चतुर्थी क्षणाने एकच असली तरी माध्यान्ह प्रत्येक ठिकाणचे वेगळे. दोन्हीकडची माणसे एकाच फोल्डरमध्ये काम करत असतील आणि प्रत्येकाच्या संगणकावरची स्क्रिप्ट स्थानिक तारीख घालत असेल, तर आधी झालेले काम नंतरच्या तारखेने नोंदले जाते आणि नावांचा क्रम बिघडतो. अशा वेळी सर्वांच्या स्क्रिप्टांनी जागतिक प्रमाणवेळ वापरावी, किंवा स्थानिक वेळेपुढे प्रमाणवेळेपासूनचे अंतर, म्हणजे भारतासाठी अधिक साडेपाच तास, नावातच लिहावे. पहिल्या रीतीत क्रम आपोआप लागतो. दुसऱ्या रीतीत काम कोणत्या देशी झाले तेही नावात राहते.